मुसळ, जातं आणि ओवी : चालुक्य-यादव काळातल्या बायका

[दृश्य : दगडी उखळ, दोन मुसळं, बाजूला सूप]

हा काळ बाराव्या-तेराव्या शतकाचा. कल्याणीच्या (आजच्या बसवकल्याणच्या) चालुक्यांची सत्ता ओसरत गेली आणि देवगिरीला यादव उभे राहिले. त्या काळचे शिलालेख आणि ताम्रपट वाचले तर दान दिलेली गावं कळतात, देवळाच्या नंदादीपाला लावून दिलेलं तेल कळतं. शेतातलं धान्य घरात आल्यावर त्याचं अन्न कसं होत होतं, याबद्दल मात्र ते फारसं बोलत नाहीत.

तरीही एका राजाच्या ग्रंथात ते ऐकू येतं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यात गाण्याचे प्रकार सांगताना तो नोंद करतो, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. आपल्या दृष्टीने ही नोंद सोन्यासारखी आहे.

ओवी कांडतानाच का? कारण कांडण ठेक्यावर चालतं. आधी साळ उन्हात वाळवायची, पण बेताने. ऊन जास्त लागलं तर दाण्याला आतून चिरा जातात आणि मुसळाखाली तांदळाऐवजी कण्याच निघतात. साळ ओलसर राहिली तर तूस सुटत नाही, दाणा नुसता चेपतो. उखळ गच्च भरायचं नाही. दाण्यावर दाणा घासून तूस निघतं, त्यासाठी धान्याला उखळात वरखाली व्हायला जागा हवी. पहिल्या कांडणात तूस जातं, सुपाने पाखडायचं, पुन्हा कांडायचं, मग कोंडा निघतो. दहा किलो साळीचे साधारण साडेसहा-सात किलो तांदूळ होतात.

एका उखळात बहुधा दोघी कांडतात. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. एकीचा हात जरा लांबला की मुसळावर मुसळ आदळतं, धान्य बाहेर उडतं. ओवीच्या लयीने दोघींचे हात एका मापात राहतात, दमही पुरतो. करमणूक म्हणून तिच्याकडे पाहिलं तर तिचं निम्मं काम आपल्या लक्षातच येत नाही.

[दृश्य : जात्याचं तोंड, त्यात सोडलेली ज्वारीची मूठ]

देशावर मात्र तांदळापेक्षा ज्वारी-बाजरी जास्त, म्हणजे जातं आलंच. खालचा दगड पक्का, वरचा मधल्या खिळ्याभोवती फिरणारा, कडेला लाकडी खुंटा. ज्वारीचं पीठ एकदम महिन्याचं दळून ठेवता येत नाही. ते जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण पहाटेचं आणि जवळजवळ रोजचं. पाच माणसांच्या घराला रोज दोन-अडीच किलो पीठ लागतं. हाताने दळायचं तर दीड-दोन तास सहज मोडतात.

वैरण घालण्यात, म्हणजे जात्याच्या तोंडात दाणे सोडण्यात, खरं कसब आहे. मूठ मोठी झाली की पिठाऐवजी भरड पडते. जात्याचं तोंड रिकामं राहिलं तर दगडावर दगड घासतो, पिठात खर उतरते आणि भाकरी दाताखाली कचकचते. डाळ भरडायची असेल तर खिळ्याशी चिंधीची चकती घालून वरचा दगड किंचित उचलायचा. दगड झिजून गुळगुळीत झाले, की दाणा नुसता घरंगळतो. तेव्हा छिन्नीने टाके घालून घ्यायचे. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण मात्र खायचं नाही, त्यात दगडाची पूड असते.

हे सगळं आपल्या घरासाठी करणारी बाई वेगळी आणि दुसऱ्याच्या घरी राबणारी वेगळी. गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी राहिली आणि तिने स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवलं. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणं, ही दासीची सगळी कामं तिच्या नावच्या अभंगांत आहेत. तिथे विठ्ठल तिच्यासोबत जात्याला हात लावतो. कष्टाला हात लावणारा देव मागणं ही भक्ती तर आहेच, पण तो खुंटा एकटीने ओढणं किती जड होतं, हेही त्यातून कळतं.

[दृश्य : बसवकल्याणचा किल्ला]

आता मालमत्तेचं पाहू. कल्याणीला सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ हे भाष्य लिहिलं. लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, आईबापांनी, भावाने, नवऱ्याने दिलेलं ते स्त्रीधन, ही जुनी यादी. विज्ञानेश्वराने तिच्यात वारशाने आलेलं, खरेदी केलेलं, वाटणीत मिळालेलं धनही धरलं. निपुत्रिक नवरा वारला तर त्याची पत्नी पहिली वारस, हेही त्याने मान्य केलं.

पण त्याला अट होती. नवरा भावांपासून विभक्त झालेला हवा. घर एकत्र असेल तर त्याचा हिस्सा भावांकडे राहायचा आणि विधवेला फक्त पोटगी. बहुतेकींचं नशीब या एका अटीवर ठरत असणार. शिवाय शास्त्रात लिहिलेलं प्रत्यक्षात हाती पडेलच असं नाही. जिच्या घरी वाटायला काहीच नव्हतं, तिला तर या चर्चेचा उपयोगच नव्हता.

विधवेच्या दुसऱ्या वाटेचे दगड महाराष्ट्रात अनेक गावांत आहेत. सतीशिळेवर खांबातून पुढे आलेला, कोपरात वळून वर उठलेला हात असतो. मनगटात बांगड्या, वर चंद्रसूर्य. बांगड्या शाबूत, म्हणजे ती विधवा झालीच नाही, असा त्याचा अर्थ. हे दगड गौरवाने उभारले गेले. त्यांच्याकडे पाहताना तो गौरव कशाच्या बदल्यात मिळाला, हे नजरेआड करता येत नाही.

तिसरी वाट चक्रधरस्वामींनी उघडली. महानुभाव पंथात बायकांना संन्यास होता, प्रश्न विचारण्याची मुभा होती. मासिक पाळीचा विटाळ त्यांनी मानला नाही. शरीराच्या इतर द्वारांतून मळ येतो तसाच हा, असं त्यांचं सांगणं. महदाइसा ही त्यांच्याकडे येणारी बालविधवा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या इच्छेवरून तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे ‘धवळे’ रचले. धवळे म्हणजे बायकांनी लग्नात म्हणायची गाणी. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ती हीच.

पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली आणि बाहेरच्या वाचकाला ते बंद झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी ती सकळ लिपी उलगडली. महदाइसेचं नाव मराठी साहित्याच्या इतिहासात गेलं ते त्यानंतर.