लहान पट्टा, चार छिद्रं

(दृश्य : ऑपरेशन थिएटरमधला पडदा. पोटाच्या आतलं चित्र.)

वरच्या बाजूला गडद तपकिरी दिसतंय ते यकृत. एका बारीक दांडीनं ते उचलून धरलंय. त्याच्याखाली, चरबीच्या आड, पिवळीधमक कड दिसेल. ती उजवी ॲड्रिनल ग्रंथी. तिला लागून जो लालसर फुगवटा आहे, ती गाठ. नागपुरात कुठलीही गाठ संत्र्याएवढी सांगायची पद्धत आहे. ही लिंबाएवढी आहे.

(दृश्य : वॉर्ड. खाटेवर मुलगी, शेजारी वडील.)

मुलगी नऊ वर्षांची, भंडारा जिल्ह्यातली. वडिलांची धानाची शेती.

(वडिलांचा आवाज : "डोकं दुखते म्हने. मास्तर म्हने चष्मा लागन. चष्मा बी केला.")

चष्मा आला, डोकं दुखायचं थांबलं नाही. मधूनच छातीत धडधडायचं, अंगाला दरदरून घाम यायचा. विदर्भातल्या उन्हाळ्यात घाम कोणाला येत नाही? त्यामुळे घामाचं कोणी मनावर घेतलं नाही. वजन झालं, ताप बघून झाला, घसा बघून झाला. बीपी मात्र कोणी मोजलंच नव्हतं. लहान मुलाचं काय बीपी मोजायचं!

(दृश्य : टेबलावर तीन पट्टे. क्लोजअप.)

हे बीपी मोजायचे तीन पट्टे बघा. दिसायला सारखे, मापानं वेगळे. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के असावी लागते. मुलाच्या दंडावर मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळला, तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो आणि सगळे निश्चिंत होतात. फार लहान घेतला, तर उगाच जास्त येतो. तीन वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाचं बीपी वर्षातून एकदा मोजावं, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. आपल्याकडे वजनकाटा सगळीकडे मिळतो. हा मधला पट्टा मागून बघा, ड्रॉवर धुंडाळावे लागतात.

या मुलीच्या दंडावर तो एकदाचा बांधला गेला. आकडा पाहून डॉक्टरांनी दुसऱ्यांदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. २४ तासांची लघवी साठवून तपासली, सीटी स्कॅन झाला आणि गाठीचं नाव कळलं : फिओक्रोमोसायटोमा.

(दृश्य : आकृती. दोन मूत्रपिंडं, त्यांवर दोन ग्रंथी.)

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या या ग्रंथींचा बाहेरचा थर कॉर्टिसॉल आणि आल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं बनवतो, गाभा ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन. ही गाठ गाभ्यातली. कुत्रा मागे लागल्यावर अंगात जे उसळतं, ते इथे मुलगी अंथरुणात पडलेली असतानाही रक्तात सुटत राहतं. म्हणून या गाठीला सुई टोचून तुकडा काढायचा नसतो. धक्का लागला तरी बीपी उसळतं.

(दृश्य : सिस्टर मुलीला आधी निजवून, मग उभं करून बीपी मोजतात.)

ऑपरेशनच्या आधीचे साधारण दोन आठवडे असेच जातात. प्रॅझोसिनची गोळी, डोस हळूहळू वाढवत. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्यांत पाणी मावायला लागतं. म्हणून पाणी भरपूर, मीठही जास्त. ताटातलं लोणचं आणि पापड हा इथे उपचाराचा भाग आहे. नाक चोंदलं की डॉक्टर खूश होतात, कारण औषध लागू पडल्याची ती खूण. नाडी फार पळत असेल तर ती मंदावणारं औषध, बीटा ब्लॉकर, नंतर देतात. आधी कधीच नाही. क्रम उलटला तर बीपी भडकतं.

(दृश्य : पुन्हा थिएटर. मुलगी डाव्या कुशीवर. पोटावर चार छिद्रं.)

दुर्बिणीतून ॲड्रिनल काढल्याचं पहिल्यांदा जगापुढे आलं १९९२ मध्ये, मॉन्ट्रियलच्या मिशेल गान्ये यांच्याकडून. पोट उघडून ही गाठ यशस्वीपणे काढली होती १९२६ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी. आपल्या नागपूरच्या मेयो हॉस्पिटलशी या मेयोंचा काही संबंध नाही, कोणी तरी विचारणारच म्हणून सांगून टाकलं.

मुलांसाठी अवजारं ३ ते ५ मिलिमीटर जाडीची. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड, तोही मोठ्यांपेक्षा कमी दाबानं. सर्जनच्या हाताखाली जागा किती कमी आहे, ते चित्रात दिसतंच आहे.

(दृश्य : भूलतज्ज्ञ. मॉनिटर. आकडे चढताना.)

आता पडदा सोडा, मॉनिटर बघा. सर्जननी गाठ जराशी बाजूला केली आणि वरचा आकडा १८० च्या पुढे गेला. भूलतज्ज्ञ म्हणतात, "थांबा." सर्जन हात काढून घेतात. बीपी उतरवणाऱ्या नायट्रोप्रुसाइडचा पंप वाढतो. आकडा उतरतो. मग पुन्हा सुरुवात. टाळ्या सर्जनला मिळतात, पण या ऑपरेशनची लगाम पडद्याच्या मागे बसलेल्या भूलतज्ज्ञ बाईंच्या हातात असते.

(दृश्य : नीला. क्लिप.)

ही निळसर, आखूड पट्टी म्हणजे उजव्या ॲड्रिनलची नीला. डावीकडची लांब असते आणि मूत्रपिंडाच्या नीलेला मिळते. ही मात्र थेट शरीरातल्या सर्वांत मोठ्या नीलेत उघडते. इथे फाटलं तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडायची वेळ येते. एक क्लिप. दुसरी. मधून कात्री.

आणि मॉनिटर उलट्या दिशेनं धावतो. ॲड्रिनॅलिनचा नळ बंद झाला, बीपी कोसळू लागलं. आता सलाईन जोरात, नॉरॲड्रिनॅलिन चालू. काही मिनिटांपूर्वी जे बंद करायला सगळे धडपडत होते, तेच आता बाटलीतून द्यावं लागतंय. रक्तातली साखरही घसरू शकते, म्हणून ती पुढचे काही तास पुन्हा पुन्हा तपासतात.

(दृश्य : गाठ पिशवीत. बेंबीतून बाहेर.)

गाठ फुटू नये म्हणून आतच पिशवीत भरून काढतात. प्रत्येक गाठीला हा मार्ग चालत नाही. न्यूरोब्लास्टोमानं (लहान मुलांत होणारा एक कर्करोग) मोठ्या रक्तवाहिन्यांना विळखा घातला असेल किंवा ग्रंथीच्या बाहेरच्या थराच्या कर्करोगाची शंका असेल, तर पोट उघडूनच शस्त्रक्रिया केलेली बरी.

(दृश्य : वॉर्ड. मुलगी जेवते आहे. निवेदन नाही.)

पुढची अनेक वर्षं दर वर्षी बीपी आणि लघवीची तपासणी. मुलांमधल्या अशा गाठींमागे पुष्कळदा जनुकीय कारण असतं, त्यामुळे रक्ताचा नमुना पाठवला आहे. धाकट्या भावाचंही बीपी मोजलं, मापाच्या पट्ट्यानं. ते ठीक आहे.