लवंगी मिरची आणि न लवणारी पापणी

अध्यक्ष महोदय आणि रसिकहो,

आजच्या निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे तो 'एका तरुण स्पॅनिश अभिनेत्रीची वाटचाल' असा. आयोजकांना मी दोष देत नाही, कारण ही चूक आपल्याकडे इतकी रुळली आहे की बरोबर शब्दच आता कानाला खटकतो. तरीही दोन मिनिटे मला त्या एका विशेषणाशी भांडू द्यावे. जेना ऑर्टेगा हिचा जन्म २७ सप्टेंबर २००२ रोजी कॅलिफोर्नियात झाला आणि त्या राज्याच्या दक्षिणेकडील कोचेला खोऱ्यात, वाळवंटी मुलखात, ती लहानाची मोठी झाली. वडील मेक्सिकन वंशाचे, आईकडून मेक्सिको आणि कॅरिबियन समुद्रातले प्वेर्तो रिको बेट अशी दोन्ही मुळे. स्पेन या देशाशी तिचा संबंध आडनावापुरता आहे, आणि स्पॅनिश भाषा आपल्याला सफाईने बोलता येत नाही ही खंत तिने स्वतःच मुलाखतींतून बोलून दाखवली आहे. बंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड रजनीकांत होऊन तमिळ पडद्यावर तळपले, त्यांना आपण कौतुकाने 'आपले मराठी' म्हणतो. तिथे निदान घरच्या बोलीचा हिशेब तरी जुळतो, इथे तोही जुळत नाही. तेव्हा 'लॅटिना', म्हणजे जिचे मूळ लॅटिन अमेरिकेत आहे अशी स्त्री, हा शब्द आपण आज वापरू.

हा आग्रह मी धरतो आहे, कारण हॉलिवुडने या शब्दाभोवती फार पूर्वीच एक साचा घडवून ठेवला आहे. मेक्सिकोतून आलेल्या लूपे वेलेझ या गुणी विनोदी अभिनेत्रीला १९३९ ते १९४३ या काळात एकाच धर्तीच्या आठ चित्रपटांत नाचवले गेले. त्या मालिकेचे नाव 'मेक्सिकन स्पिटफायर', आणि त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, तो म्हणजे लवंगी मिरची. अंगापेक्षा आवाज मोठा, रागाला वेळकाळ नाही, बशी हाताशी आली की ती फुटलीच पाहिजे. पुढे रीटा मोरेनो आल्या. प्वेर्तो रिकोत जन्मलेल्या या अभिनेत्रीला १९६१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त प्वेर्तो रिकन स्त्रीचीच भूमिका करायची होती, आणि तरीही त्यांच्या चेहऱ्यावर गडद तपकिरी रंग थापण्यात आला. म्हणजे जी मुळातच तिथली आहे तिला तिथली दिसण्यासाठी रंगवावे लागले! त्या भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळवून दिले, परंतु त्यानंतर समोर आल्या त्या बहुतेक त्याच ठशाच्या भूमिका. पडद्यावरच्या लॅटिना बाईने पेटलेच पाहिजे, ही अट काही कोणी काढली नाही.

आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे वळतो. ही गोष्ट मी याआधी दोन ठिकाणी सांगितली आहे आणि माझ्या घरी ती आता कोणी ऐकून घेत नाही, त्यामुळे आपल्यावर हा प्रसंग आला आहे. २०२१ साली जेना न्यूझीलंडमध्ये 'एक्स' या भयपटाचे चित्रीकरण करत होती. रात्रभरच्या कामानंतर, जवळजवळ चोवीस तास झोप झालेली नसताना, चेहऱ्यावर खोटी जखम आणि अंगावर खोटे रक्त अशा थाटात ती संगणकासमोर बसली, आणि पलीकडे होते दिग्दर्शक टिम बर्टन. बर्टन यांना 'वेन्स्डे' या नव्या मालिकेसाठी हवी होती वेन्स्डे अ‍ॅडम्स, म्हणजे मरणाचे कौतुक असलेली, काळ्या कपड्यांतली, वेण्या घातलेली, चेहऱ्यावर हसू न आणणारी मुलगी. आपल्याकडे मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात कोणी रक्ताने माखून बसले असते, तर पाहुण्यांनी पोहे तसेच टाकून काढता पाय घेतला असता. बर्टन हसले.

पुढची गोष्ट चित्रीकरणातली आहे आणि माझे सारे व्याख्यान तिच्यावर तोलून उभे आहे. एका दृश्यात जेनाने पापणी लवू दिली नाही. बर्टन यांना ते इतके भावले की यापुढे पापणी लवायची नाही, असेच त्यांनी तिला सांगून टाकले. हनुवटी किंचित खाली, नजर भुवयांच्या आडून वर, आणि डोळे उघडे. आता आपण सर्वांनी एक प्रयोग करावा. मी थांबा म्हणेपर्यंत कोणीही पापणी लवू द्यायची नाही. ... थांबा. मागच्या रांगेतले गृहस्थ जिंकले असे म्हणता आले असते, परंतु त्यांचे डोळे प्रयोगाच्या आधीपासूनच मिटलेले होते. आता अशा डोळ्यांनी संवाद म्हणायचे, चेलो वाजवायचा आणि तलवारबाजी करायची, अशी कल्पना करा.

नळ-दमयंतीचे आख्यान आपल्याला ठाऊक आहे. स्वयंवरात देव नळाचेच रूप घेऊन ओळीने बसले, तेव्हा दमयंतीने खरा नळ ओळखला तो अशा खुणांवरून, की देवांना घाम येत नाही, त्यांच्या माळा सुकत नाहीत आणि त्यांच्या पापण्या लवत नाहीत. पापणी लवते तो माणूस, असा आपला जुना दाखला आहे. जेनाने मानवी चेहऱ्यावरची ही एक खूण तेवढी पुसून टाकली आणि पाहणारे अस्वस्थ झाले. जिने पेटावे अशी शंभर वर्षांची अपेक्षा होती, ती गोठून उभी राहिली. वेन्स्डेच्या वडिलांचे 'गोमेझ' हे स्पॅनिश नाव 'द अ‍ॅडम्स फॅमिली' या १९६४ च्या दूरचित्रवाणी मालिकेपासूनचे आहे. १९९१ च्या चित्रपटात ते प्वेर्तो रिकोचे राउल हूलिया यांनी रंगवले. मात्र त्या मालिकेतली लिसा लोरिंग आणि या चित्रपटातली क्रिस्टिना रिची या दोन्ही गाजलेल्या वेन्स्डे लॅटिना नव्हत्या. बाप गोमेझ असून मुलगी लॅटिना व्हायला २०२२ उजाडावे लागले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. तिच्यावर 'दहा' लिहिले आहे. ती मिनिटे असावीत, गुण नसावेत.

तेव्हा ज्यासाठी मला बोलावले ती वाटचाल आता धावत सांगतो. सहा भावंडांत ही चौथी. सहा वर्षांची असताना डकोटा फॅनिंग या बालअभिनेत्रीचा एक चित्रपट पाहून हिने अभिनेत्री होण्याचा हट्ट धरला. आई रुग्णालयात आपत्कालीन विभागात परिचारिका. तिने मुलीच्या एका स्वगताची चित्रफीत फेसबुकवर टाकली, आणि त्यातून पात्रनिवड करणाऱ्यांपर्यंत वाट निघाली. २०१३ च्या 'आयर्न मॅन ३' मध्ये ती उपराष्ट्राध्यक्षांची पाय गमावलेली मुलगी आहे. पडद्यावर ती क्षणभर दिसते, एक शब्द बोलत नाही, आणि तिच्या बापाचा सारा देशद्रोह त्या एका क्षणावर उभा आहे. 'जेन द व्हर्जिन' या मालिकेत ती नायिकेचे बालपण झाली. २०१६ ते २०१८ या काळात डिस्ने वाहिनीवरील 'स्टक इन द मिडल' मध्ये सात भावंडांतली मधली हार्ली डियाझ झाली, आणि तिथे पहिल्यांदा घराची गोष्ट तिच्या तोंडून सांगितली गेली.

मला जे सिद्ध करायचे होते ते हे, की ती स्थिर नजर ही बर्टन यांची देणगी नव्हे. शाळेतील गोळीबारातून वाचलेल्या मुलीची 'द फॉलआउट' मधील भूमिका तिने 'वेन्स्डे'च्या आधीच केली होती. तिथेही दुःखाचा आक्रोश फार थोडा आहे. ती थट्टा करते, लोळत पडते, फोन पाहत राहते आणि आपण आत काय चालले असेल ते शोधत बसतो. २०२२ च्या 'स्क्रीम' या भयपटात तिची बहीण झाली मेक्सिकोची मेलिसा बॅरेरा. दोन लॅटिना नायिका, आणि एकीलाही मिरचीची फोडणी नाही.

'वेन्स्डे' नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि पहिल्याच आठवड्यात ती ३४ कोटी तासांहून अधिक पाहिली गेली. दूरचित्रवाणीवरील कामासाठी दिल्या जाणाऱ्या एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. दुसऱ्या पर्वात, २०२५ साली, जेना कार्यकारी निर्मातीही झाली. मधल्या काळात पहिल्या पर्वातले आपल्या पात्राला न शोभणारे संवाद आपण चित्रीकरणस्थळीच बदलले, असे ती एका मुलाखतीत बोलून गेली आणि लेखकमंडळींचा रोष ओढवून बसली. त्यावर माझे मत थोडे लेखकांच्या बाजूचे आहे, पण त्यासाठी वेगळी संध्याकाळ लागेल.

दुसरी चिठ्ठी आली, हिच्यावर आकडाही नाही. दिवे मालवावेत. 'वेन्स्डे'तला जो नाच जगभर गाजला, तो तिने स्वतःच बसवला होता, आणि चित्रीकरणाच्या दिवशी तिला कोविडची लक्षणे जाणवत होती. दोन मिनिटांची ती चित्रफीत आता लावत आहोत. पावलांकडे सगळेच पाहतात, आपण डोळ्यांकडे पाहावे.