टुडुंग ऐकू आलं का?

श्रोतेहो, नमस्कार.

संगणकाला पेनड्राइव्ह लावला की दोन सुरांचा बारीक नाद येतो, खालून वर चढणारा. काढला की तसाच दोन सुरांचा, पण उतरता. विंडोज वापरणाऱ्यांनी तो हजारदा ऐकलेला असतो आणि एकदाही लक्ष देऊन ऐकलेला नसतो. ‘वेबकॅम कधी चालतो, कधी बंद पडतो’ अशी तक्रार आली की मी पहिली चौकशी या नादाची करतो.

नाशिकच्या सिडकोत माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पंचवटीतल्या एक काकू माझ्या जुन्या गिऱ्हाईक. पेटी शिकवतात, म्हणजे हार्मोनियम. काही विद्यार्थी घरी येतात, काही ऑनलाइन. सकाळचा वर्ग सुरळीत चालायचा आणि संध्याकाळी सातच्या वर्गात कॅमेरा दर पाच-दहा मिनिटांनी काळा व्हायचा. त्यांनी एमजी रोडवरून दुसरा कॅमेरा आणला. त्याचंही तेच. पहिला ट्रंकेत गेला, दुसराही त्याच वाटेवर होता.

पहिल्या खेपेला मी चुकलो, हे आधीच सांगून टाकतो. संध्याकाळचंच बिघडतं म्हणजे दोष उजेडाचा, असं मी ठरवून टाकलं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. सेकंदाला ३० चित्रं काढायची तर एका चित्राला सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा जास्त वेळ मिळत नाही. अंधार असला की कॅमेरा जास्त वेळ उजेड गोळा करतो आणि चित्रांची संख्या १५ वर किंवा त्याहून खाली आणतो. मग हात हलला की चित्र फरफटतं. मी एक दिवा समोर लावून दिला. ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकत होते, ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या जागी ५० निवडून घालवले, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. चित्र देखणं झालं. आणि तितक्याच वेळा काळं होत राहिलं. उजेड कमी असला तर चित्र रेंगाळतं, पण कॅमेरा नाहीसा होत नाही. हा फरक मी त्या दिवशी नीट पाहिला नव्हता.

दुसऱ्या खेपेला चालू वर्गात गप्प बसून राहिलो. थोड्या वेळाने तो उतरता नाद आला. पडदा काळा. दोन सेकंदांनी चढता नाद.

‘काकू, हा आवाज कसला?’

‘अरे, मुलं येतात ना वर्गात, तेव्हा वाजतंच काहीतरी.’

नवीन विद्यार्थी आत आला की वाजणारी घंटी आणि कॅमेरा तुटल्याचा नाद, दोन्ही काकूंनी एकाच खात्यात टाकले होते. सुरांच्या कानाला हे कसं चुकलं, असं मी म्हटलं नाही. पेटी आमच्या दोघांच्या मध्ये होती.

मग संगणकाच्या डब्याकडे पाहिलं. पुढच्या बाजूला दोन यूएसबी पोर्ट. एकात कॅमेरा, तोही तीन मीटरच्या स्वस्त एक्स्टेंशन वायरने. दुसऱ्यात मोबाईलची चार्जिंगची वायर. काकू तानपुरा मोबाईलवर लावतात. सकाळी मोबाईल भरलेला असतो, दिवसभर वाजून संध्याकाळी उतरतो, आणि मग तो तिथेच चार्जिंगला लागतो.

यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे एका पोर्टला ५ व्होल्टवर ५०० मिलिॲम्पिअर वीज मिळते. यूएसबी ३.० मध्ये ९००. कॅमेऱ्याला एवढी लागतही नाही. पण पुढचे दोन पोर्ट बहुधा आतल्या एकाच वायरीने मदरबोर्डच्या पिनांवर बसवलेले असतात. त्या वायरीवर मोबाईल ताव मारतोय, आणि कॅमेऱ्याकडे जाणारी एक्स्टेंशन वायर बारीक. वाटेत व्होल्टेज गळतं. कॅमेरा क्षणभर झोपतो, जागा होतो. टुडुंग. वायरीच्या लांबीलाही मर्यादा आहे. यूएसबी २.० साठी ५ मीटर, तीही चांगल्या वायरीची.

मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. कॅमेरा तिथे लावला, एक्स्टेंशन काढली, मोबाईल भिंतीच्या प्लगवर नेला. एकेक करून बदललं हं, सगळं एकदम नाही, नाहीतर कशाने सुटलं ते कळत नाही. आधी फक्त मोबाईल काढून अर्धा तास पाहिलं. नाद आला, पण एकदाच. वायर काढल्यावर तोही थांबला.

तुमच्याकडे एका पोर्टचे चार करणारा, स्वतःचा अडॅप्टर नसलेला चार तोंडांचा हब असेल तर त्याकडेही संशयाने बघा. त्या ५०० मिलिॲम्पिअरमधले १०० स्वतःला ठेवून उरलेले तो चौघांत वाटतो, नियमाने प्रत्येकी १००. माउस-कीबोर्डला चालेल. कॅमेऱ्याला नाही.

काही वेळा वीज मुद्दाम तोडलेली असते. काही काम चालू नसलेल्या पोर्टला झोपवून वीज वाचवायची विंडोजला सवय आहे. काही कॅमेरे या झोपेतून नीट उठत नाहीत. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, शेवटी यूएसबी कंट्रोलर्सची यादी, त्यात रूट हब, आणि पॉवर मॅनेजमेंटमधली पहिली टिक काढायची. लॅपटॉपला याने बॅटरीचा थोडा फरक पडतो, डेस्कटॉपला काळजी नाही.

आता नाद येत नाही, पण चित्र मिळत नाही, असं असेल तर वायरीच्या मागे लागू नका. आधी कॅमेऱ्यावरचं सरकतं झाकण बघा. हसू नका, झाकणापायी मी दोनदा रिक्षाभाडं घालवलंय. मग प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याला परवानगी आहे का, आणि आधीच्या मीटिंगचा प्रोग्राम मागे उघडा राहून कॅमेरा धरून बसलाय का, हे बघा. अपडेटनेही घोळ होतो. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि जगभर चांगले कॅमेरे गोठायला लागले, कारण कॅमेऱ्याने दाबून पाठवलेलं चित्र प्रोग्रामपर्यंत पोचवण्याची पद्धत बदलली होती. तेव्हा लोकांनी कॅमेरे बदलले. दोष कॅमेऱ्यांचा नव्हता.

दाबून पाठवणं म्हणजे काय? १२८० बाय ७२० चं चित्र, सेकंदाला ३० वेळा, न दाबता पाठवलं तर सेकंदाला सुमारे ५५ मेगाबाइट होतात. यूएसबी २.० चा कागदावरचा वेगच ६० मेगाबाइट, प्रत्यक्षात बराच कमी. म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्र आधी दाबून लहान करतो. शिवाय वाटेतली जागा तो आधीच धरून ठेवतो, सीबीएस बसस्थानकावर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी. बसायला येईपर्यंत दुसऱ्याला ती जागा नाही.

हे काकूंना सांगायची वेळ लवकरच आली. कॅमेरा निर्दोष सुटल्यावर त्यांनी ट्रंकेतला पहिलाही बाहेर काढला आणि पेटीच्या वर टांगला, पट्ट्यांवरची बोटं दिसावीत म्हणून. दोन्ही चित्रं एकाच वेळी हवीत. दोन्ही कॅमेरे एका हबला लावले तर एकच दिसे, दुसऱ्याला जागाच नसे. एक थेट मागच्या पोर्टला, दुसऱ्यासाठी साडेपाचशे रुपयांचं वेगळं यूएसबी कार्ड आत बसवलं, आणि दोघांचं रेझोल्यूशन एकेक पायरी खाली आणलं.

परवा काकूंचा फोन आला. आवाज येतोय म्हणाल्या, चढता. मी विचारलं, उतरता आधी आला का? थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, ‘नाही रे, नवीन मुलगी वर्गात आलीय.’