फायरमनच्या नावापुढची तारीख

श्रोतेहो, नमस्कार. आज एका यादीबद्दल बोलायचं आहे. नाव आणि नावापुढे तारीख, एवढीच ती यादी. त्या कामावर माणूस पहिल्यांदा ज्या दिवशी हजर झाला, त्या दिवसाची ती तारीख. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांमध्ये वाफेच्या इंजिनांच्या काळात फायरमनला, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या माणसाला, कोणती गाडी मिळणार, हातात किती पैसे पडणार आणि मंदी आली तर नोकरी राहणार की जाणार, हे त्या तारखेवर ठरत असे. 1941 साली दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय फायरमनची ही तारीख निरुपयोगी करण्यात आली. ती कुणी केली आणि कशी, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी यादी कशी चालते ते पाहू. कंपनीच्या मार्गांचे ज्येष्ठता विभाग पाडलेले असतात. प्रत्येक विभागात ड्रायव्हरची यादी वेगळी, फायरमनची वेगळी. एखाद्या गाडीवरची जागा रिकामी झाली की तिची सूचना लागते. ज्यांना हवी ते अर्ज करतात आणि अर्ज केलेल्यांपैकी जो सर्वांत जुना आणि कामाला लायक, त्याला ती मिळते. गाडीच बंद झाली तर तिच्यावरचा माणूस बेकार होत नाही. तो आपल्यापेक्षा कनिष्ठ माणसाची जागा घेतो, तो कनिष्ठ त्याच्याहून कनिष्ठाची, आणि धक्का खाली खाली सरकत शेवटी यादीच्या तळाशी जातो. तळाचा माणूस घरी बसतो. वाहतूक वाढली की घरी बसलेल्यांमध्ये जो जुना, त्याला आधी बोलावणं येतं. यात साहेबाच्या मर्जीला, वशिल्याला शिरायला फार फट राहत नाही. कामगाराच्या दृष्टीने ही यादी म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेली पुंजीच.

आता पैशाची बाजू. इंजिनवरच्या माणसांचा रोज मैलांवर मोजला जाई. पॅसेंजर गाडीवर 100 मैल किंवा 5 तास म्हणजे एक रोज, तर मालगाडीवर 100 मैल किंवा 8 तास. जलद गाडी 100 मैल झपाट्याने कापते. स्थानिक मालगाडी प्रत्येक स्टेशनात थांबते, डबे काढते, डबे जोडते आणि तेवढ्याच मैलांना सारा दिवस खाते. यार्डातल्या शंटिंग इंजिनवर तर पुढेमागे, पुढेमागे करत काम संपता संपत नाही आणि पैसेही कमी. म्हणून जुनी माणसं पॅसेंजर गाडीची वाट धरत. त्यात गैर काहीच नव्हतं. यादीचा उपयोगच त्यासाठी होता.

दक्षिणेत मात्र एक गोष्ट वेगळी होती. तिथे कृष्णवर्णीय माणसाला फायरमन होता येई, ड्रायव्हर होता येत नसे. फावड्याने भट्टीत कोळसा मारायचा, राखेत आणि धगीत उभं राहायचं, वाफेचा दाब पडू द्यायचा नाही, हे काम त्याला चालेल असं मानलं जाई. गोरा फायरमन काही वर्षांत बढती घेऊन उजव्या बाजूच्या ड्रायव्हरच्या आसनावर जाई. कृष्णवर्णीय फायरमन जन्मभर डाव्या बाजूलाच राही. याचा परिणाम बढती नाकारणाऱ्यांनी धरला नसेल असा झाला: फायरमनच्या यादीत वरच्या, जुन्या तारखा कृष्णवर्णीयांच्या नावांपुढे साठत गेल्या, आणि चांगल्या गाड्याही त्यांच्याकडे गेल्या.

हे काम हलकं आणि घाणेरडं होतं तोवर त्याचा कुणाला फारसा हेवा वाटला नाही. मग यांत्रिक स्टोकर आला. टेंडरमधला, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या डब्यातला, कोळसा फिरत्या स्क्रूने भट्टीकडे यायचा आणि वाफेच्या झोताने आत पसरायचा. फावडं जवळजवळ बाजूला पडलं. पाठोपाठ डिझेल आलं. 1937 च्या राष्ट्रीय करारानुसार, इंजिन ओढणाऱ्या चाकांवर 90,000 पौंडांहून अधिक भार असलेल्या डिझेल इंजिनवर फायरमन ठेवणं बंधनकारक झालं. कोळसा नाही, राख नाही, बसून करायचं काम आणि जागा करारानेच राखलेली. आता ही जागा सगळ्यांनाच हवी होती.

28 मार्च 1940 रोजी ब्रदरहुड ऑफ लोकोमोटिव्ह फायरमेन अँड एंजिनमेन या संघटनेने 21 रेल्वे कंपन्यांना नोटीस दिली. या कंपन्या मुख्यतः आग्नेयेकडच्या राज्यांतल्या. चालू करार बदलून कृष्णवर्णीय फायरमन अखेरीस पूर्णपणे बाहेर जातील अशी व्यवस्था करा, ही मागणी. तडजोड होऊन 18 फेब्रुवारी 1941 रोजी करार झाला. प्रत्येक ज्येष्ठता विभागात, कामाच्या प्रत्येक प्रकारात, कृष्णवर्णीय फायरमन 50 टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत. ते प्रमाण येईपर्यंत प्रत्येक नवी गाडी आणि प्रत्येक रिकामी जागा गोऱ्या माणसाला.

‘निम्मे-निम्मे’ ऐकायला बरं वाटतं, म्हणून हिशोब करून पाहा. समजा विभागात 100 फायरमन आहेत, 60 कृष्णवर्णीय आणि 40 गोरे. आता कोणीही निवृत्त झालं तरी त्याच्या जागी गोराच येणार, 60 चे 50 होईपर्यंत. 50 झाल्यावर तरी ते 50 टिकतील का? करारात त्याची हमी कुठेच नाही. वर छत घातलं, खाली जमीन ठेवली नाही. शिवाय आणखी बंधनं मागण्याचा हक्क संघटनेने राखून ठेवला होता. 12 मे 1941 रोजी लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेशी तिने पुरवणी करार करून तो वापरलाही.

बेस्टर विल्यम स्टील हे याच रेल्वेचे अलाबामातले फायरमन. त्यांचा पॅसेंजर पूल होता. पूल म्हणजे ठराविक गाड्या आळीपाळीने चालवणारा गट. त्यात सहा फायरमन: एक गोरा, पाच कृष्णवर्णीय. 1 एप्रिल 1941 च्या सुमारास पूलचे मैल कमी झाले. मैल कमी झाले की माणसं कमी होतात, हा नेहमीचा नियम. तळाचे दोघं खाली सरकायचे आणि वरचे चौघं जागेवर राहायचे. इथे तसं केलं नाही. पूलमधल्या सगळ्याच जागा रिकाम्या झाल्या असं जाहीर केलं.

या एका शब्दात सगळी मेख आहे. जागा ‘कमी झाली’ म्हटलं तर यादी बोलते. जागा ‘रिकामी झाली’ म्हटलं की नवा करार बोलतो, कारण रिकामी जागा गोऱ्यालाच द्यायची. चारही जागांवर चार गोरे फायरमन आले, सगळे ब्रदरहुडचे सभासद, सगळे स्टील यांच्याहून कनिष्ठ. स्टील 16 दिवस कामाविना राहिले. मग त्यांना स्थानिक मालगाडी मिळाली, जास्त कष्टाची आणि कमी पैशांची. तिथेही एक कनिष्ठ सभासद आला आणि स्टील शंटिंग इंजिनवर गेले. कोर्टात दावा दाखल झाल्यानंतर, जानेवारी 1942 मध्ये, त्यांना पुन्हा पॅसेंजर गाडी मिळाली.

हे संघटनेला करता आलं कसं? 1926 च्या रेल्वे कामगार कायद्यात 1934 साली दुरुस्ती झाली होती. एका प्रकारचं काम करणाऱ्यांच्या बहुमताने जो प्रतिनिधी निवडला, तोच त्या सगळ्यांचा प्रतिनिधी. कंपनीने दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. कामगारांची फाटाफूट होऊ नये म्हणून केलेला हा नियम, आणि नियम म्हणून चांगलाच. पण ब्रदरहुडच्या घटनेत कृष्णवर्णीयांना सभासदत्वच नव्हतं. म्हणजे स्टील यांच्या वतीने करार करणार ती संघटना, जिच्या बैठकीत त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. दोन्ही करार अमलात आल्यावरच त्यांना कळले. तक्रारीसाठी राष्ट्रीय रेल्वे समायोजन मंडळ होतं, पण त्यावर कंपन्यांनी आणि संघटनांनी निवडलेली माणसं. ज्या दोघांनी मिळून जागा काढून घेतली, न्यायही त्यांच्याच प्रतिनिधींकडे मागायचा. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत निर्दय वाटते ती ही रचना.

अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयात स्टील हरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी मांडली आणि 18 डिसेंबर 1944 रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरन्यायाधीश हार्लन फिस्क स्टोन यांचा तर्क सरळ होता: कायद्याने संघटनेला सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा एकमेव अधिकार दिला आहे, तर सगळ्यांशी न्यायाने वागण्याचं कर्तव्यही त्याच अधिकारातून येतं. करार सर्वांना सारखाच लाभेल असं नाही. ज्येष्ठता, कामाचा प्रकार, कौशल्य यांवरून फरक करता येईल. वंशावरून नाही. कर्तव्य मोडलं तर कामगाराने मंडळाकडे न जाता कोर्टात यावं, मनाई हुकूम मागावा, नुकसानभरपाई मागावी.

पण निकालाची मर्यादाही सांगायला हवी. कृष्णवर्णीयांना सभासद करून घ्या, असं न्यायालयाने संघटनेला सांगितलं नाही. दार बंदच राहिलं. न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांनी वेगळं मत जोडून वंशभेदाचा प्रश्न राज्यघटनेच्या पातळीवर नेला. मुख्य निकाल कायद्याच्या अर्थापुरताच राहिला.

आणि ती ‘रिकामी जागा’ पुन्हा दिसली, दहा वर्षांनी, ह्यूस्टन शहरात. टेक्सास अँड न्यू ऑर्लिन्स रेल्वेच्या मालधक्क्यावर कृष्णवर्णीय कामगारांकडे असलेल्या 45 जागा मे 1954 मध्ये रद्द झाल्याचं कंपनीने सांगितलं. कामगारांनी दाव्यात म्हटलं की जागा रद्द झाल्याच नव्हत्या, त्यांवर गोरी माणसं भरली गेली; काही थोड्या कृष्णवर्णीयांना परत त्याच कामावर घेतलं, पण जुनी ज्येष्ठता पुसून. या वेळी करारात वंशाचा शब्दही नव्हता. उलट, करार ज्येष्ठतेला संरक्षण देणारा होता. फक्त ते संरक्षण मागायला या कामगारांची संघटना पुढे आली नाही, वारंवार विनवूनही. 18 नोव्हेंबर 1957 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार चांगला असून भागत नाही. इतरांच्या तक्रारी संघटना मांडते, तर यांच्याही त्याच निष्ठेने मांडायला हव्यात. खालच्या कोर्टाने फेटाळलेला तो दावा सुनावणीसाठी परत गेला.