शालू, फेटा आणि फ्लॅश
(कोल्हापुरात लग्नसमारंभाचे काम करणाऱ्या छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांची तक्रार एकच असते : नवरा-नवरी जागेवरून हललेली नाहीत, आपण हललेलो नाही, सेटिंगला हात लावलेला नाही, तरीही ओळीने काढलेल्या फोटोंपैकी एक डार्क येतो आणि पुढचा जळतो. दोष फ्लॅशला दिला जातो. माझ्या मते फ्लॅश आपले काम चोख करत असतो. फक्त आपण समजतो ते काम त्याचे नव्हे.

१९७५ साली ऑलिंपसच्या ओएम-२ कॅमेऱ्याने फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजण्याची पद्धत रूढ केली, आणि कॅननने १९९५ मध्ये आणलेल्या ई-टीटीएलपासून शटर उघडण्याआधी एक बारीक झोत टाकून परतलेला प्रकाश लेन्समधून मोजला जाऊ लागला. लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणाऱ्या या पद्धतींना टीटीएल (थ्रू द लेन्स) म्हणतात आणि त्या सगळ्यांत मोजला जातो तो वस्तूवरून परतणारा प्रकाश, वस्तूवर पडणारा नव्हे. समोर शेरवानी आहे की काळा कोट, हे यंत्रणेला खात्रीने कळत नाही. जे दिसेल ते साधारण मध्यम राखाडी असावे, असे धरून ती हिशेब करते. म्हणून पांढऱ्या शेरवानीतला नवरदेव फ्रेमभर घेतला की फोटो मळकट येतो, आणि शेजारी काळ्या कोटातले मामा उभे राहिले की त्यांचा चेहरा जळतो. शालूची जर, कोल्हापुरी साज आणि स्टेजच्या मागच्या सजावटीतले आरसे यांतले काही थेट चमकले, तर एक-दीड स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरक सहज पडतो.

यावर पहिला उपाय फ्लॅश कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे यंत्रणेने ठरवलेला झोत आपण कमी-अधिक करण्याचा. पांढरे जास्त असेल तर अधिक, काळे जास्त असेल तर उणे; घाईत नेमके उलटे केले जाते, कारण पांढरे दिसले की प्रकाश कमी करावासा वाटतो. मात्र उंच छतावरून बाउन्स करताना (झोत छताकडे वळवून परतवताना) फ्लॅश पूर्ण ताकदीने उडूनही अपुरा पडत असेल, तर कॉम्पेन्सेशन कितीही वाढवले तरी फरक पडणार नाही. तिथे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा किंवा अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) उघडावे. तीच गोष्ट सेलची. सेल उतरले असताना भराभर फोटो काढले, तर पूर्ण चार्ज न झालेला फ्लॅश उडतो आणि मधलेच फोटो डार्क येतात.

दुसरा उपाय लॉकचा, ज्याला कॅननमध्ये एफईएल आणि निकॉनमध्ये एफव्ही लॉक म्हणतात. चेहऱ्यावर मोजमाप करून ते धरून ठेवायचे आणि मग फ्रेम बांधायची. एवढेच, की लॉक करताना उडालेला झोत पाहून पाहुण्यांना फोटो निघाला असे वाटते आणि ते स्टेजवरून उतरू लागतात. त्यांना आधी सांगून ठेवावे.

पण भेटी-आहेराच्या वेळी टीटीएल ठेवावेच कशाला? तिथे अंतर बदलत नाही. बदलतात फक्त कपडे. तेव्हा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा, म्हणजे पॉवर आपणच ठरवावी. समजा, फ्लॅशचा गाइड नंबर (त्याच्या ताकदीचा आकडा; त्याला मीटरमधल्या अंतराने भागले की अ‍ॅपर्चरचा एफ-आकडा मिळतो) आयएसओ १००ला ३६ आहे. आयएसओ ४००ला तो दुप्पट, म्हणजे ७२ होतो. एक-सोळांश पॉवरवर (सोळाचे वर्गमूळ चार, म्हणून) त्याचा चौथा भाग, १८ उरतो. जोडपे ३ मीटरवर असेल तर १८ भागिले ३, म्हणजे एफ/६, एफ/५.६ ठेवले की काम झाले. हा हिशेब थेट फ्लॅशचा. बाउन्स असेल तर एक फोटो काढून पॉवर ठरवावी. त्यानंतर मामा येवोत वा मावशी, चेहऱ्यांचा उजेड सारखाच राहील आणि एवढ्या कमी पॉवरला फ्लॅश लगेच पुन्हा तयार होईल. वरातीत मात्र अंतर पावलागणिक बदलते, तिथे टीटीएलच बरे.

अक्षतांच्या वेळी टीटीएल आणि मॅन्युअल या दोन्हींची परीक्षा होते. लेन्सपासून मीटरभर अंतरावरच्या दाण्यांवर ३ मीटरवरच्या जोडप्याच्या नऊपट प्रकाश पडतो. ते दाणे जळणारच आणि ते शोभूनही दिसतात. पण आधीच्या झोतात तेच दाणे चमकले, तर टीटीएल फसून चेहरे डार्क करू शकते. तेव्हा शेवटचे मंगलाष्टक सुरू झाले की फ्लॅश मॅन्युअलवर टाकावा आणि नजर फक्त अंतरपाटावर ठेवावी.