थॉर्नटनची खिडकी
हे इंग्लंडमधलं यॉर्क, आणि ही यॉर्क मिन्स्टर कॅथेड्रलची पूर्वेकडची भिंत. भिंत म्हणायची, पण आहे सगळी रंगीत काचेची खिडकीच, जवळपास टेनिस कोर्टाएवढी.

कॅमेरा वरून खाली येतोय तसं बघत चला. टोकाला देव बसलाय, हातातल्या पुस्तकावर लॅटिनमध्ये लिहिलंय, अल्फा आणि ओमेगा मीच, म्हणजे आरंभ मी आणि शेवटही मीच. त्याखाली सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचे बायबलच्या जुन्या करारातले प्रसंग, आणि मग तब्बल ८१ चित्रं बायबलच्या शेवटच्या पुस्तकाची, प्रकटीकरणाची, म्हणजे जगाच्या शेवटाची. हा सात डोक्यांचा पशू, हे कर्णे फुंकणारे देवदूत, आणि चित्राचित्रात कडेला उभा राहून बघणारा संत योहान, कारण हे सगळं त्यालाच दिसलं होतं ना.

१४०५ च्या डिसेंबरमध्ये कॉव्हेंट्रीचा काचचित्रकार जॉन थॉर्नटन याच्याशी या खिडकीचा करार झाला. मुदत तीन वर्षं, आठवड्याला ४ शिलिंग, शिवाय वर्षाला ५ पाउंड आणि काम चोख झालं तर वर १० पाउंड. चित्रं त्यानं स्वतःच्या हातानं रेखाटायची हेही करारात आलं, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं कलम तेच.

आता वर्कशॉपमध्ये येऊ. लाल, निळा हे रंग वरून दिलेले नाहीत, ते काच वितळवतानाच तिच्यात मिसळतात. लाल मात्र फार गडद होतो, उजेडच अडतो, म्हणून साध्या काचेवर लालचा पातळ थर चढवायचा. चेहरे, केस, कपड्यांच्या चुण्या काढायला धातूची पूड आणि बारीक काच खलून केलेला काळपट रंग. हे जवळून बघा, ही दाढी. आधी रंगाचा हलका हात फिरवला, तो वाळल्यावर ब्रशच्या दांडीसारख्या टोकानं एकेक केस खरवडून काढलाय, म्हणजे उजेड येतोय तो खरवडलेल्या जागेतून! पिवळा तर आणखी मजेशीर, काचेच्या मागच्या बाजूला चांदीचं संयुग लावून भट्टीत घातलं की लिंबापासून केशरीपर्यंत कुठलीही छटा येते, आच किती यावर. मग सगळे तुकडे शिशाच्या खाचेच्या पट्ट्यांत बसवायचे आणि सांधे डाग देऊन जोडायचे.

हा चेहरा बघा. नाकावरून जाणारी जाड काळी रेघ थॉर्नटनची नाही, काच फुटल्यावर नंतरच्या कुणीतरी शिसं घालून सांधलीय. असली शिसं काढून तडे चिकटवायचं काम इथं वर्षानुवर्षं चाललं, २००८ मध्ये उतरवलेली खिडकी पुन्हा पूर्ण बसायला २०१८ उजाडलं. सगळे मिळून ३११ पॅनल! आता बाहेरून अतिनील किरणं अडवणारी वेगळी काच आहे.

सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात इंग्लंडभर अशा खिडक्या फोडल्या गेल्या, कँटरबरीतही. १६४४ मध्ये यॉर्क पडलं तेव्हा राजाविरुद्ध जिंकणाऱ्या संसदेच्या फौजेतला सेनापती सर थॉमस फेअरफॅक्स यॉर्कशायरचाच होता, त्यानं मिन्स्टरला हात लावू दिला नाही.

आणि हा खालच्या रांगेत मधोमध गुडघे टेकून बसलाय तो वॉल्टर स्कर्लॉ, डरमचा बिशप, पैसे त्याचे. थॉर्नटनच्या हाताखाली आणखी जण रंगवत होते हे चेहरे काढायच्या वेगवेगळ्या धाटणीवरून कळतं, पण त्यांच्यापैकी एकही इथं गुडघे टेकून बसलेला नाही.