श्रीलंकेनं दोनदा बंदी घातली

श्रीलंकेनं शेतीतल्या विषांवर दोनदा बंदी घातली आणि दोन्ही वेळचे निकाल एकमेकांच्या अगदी उलट लागले, म्हणून मी आज तिथूनच सुरू करतो.

पहिली वेळ १९९५ ची. तेव्हा तिथं आत्महत्या भयंकर वाढल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच घरात ठेवलेलं फवारणीचं औषध पिऊन व्हायच्या. सरकारनं सरसकट सगळं नाही बंद केलं. जे सगळ्यात जहाल होतं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, मेथामिडोफॉस, ते आधी काढलं, मग १९९८ ला एन्डोसल्फान, मग २००८ पासून पॅराक्वॅट वगैरे, असं टप्प्याटप्प्यानं. २० वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं आणि भाताचं पीक काही बुडालं नाही, कारण कमी विषारी पर्याय दुकानात होतेच.

दुसरी वेळ २०२१. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की रासायनिक खतं आणि औषधं दोन्ही बंद, सगळा देश सेंद्रिय. ना तयारी, ना पुरेसं शेणखत, ना कोणी शेतकऱ्याला काही शिकवलं. भात पडला, चहाला फटका बसला, तांदूळ बाहेरून आणायची वेळ आली आणि नोव्हेंबरात निर्णय मागं घ्यावा लागला. आता कुणीही कमी फवारणीचं नाव काढलं की लगेच "श्रीलंका बघा" म्हणतात, पण ते २०२१ ची श्रीलंका दाखवतात, १९९५ ची कुणी दाखवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

इंडोनेशियाचं तर आपल्या प्रत्येक कृषी सहायकाला पाठ पाहिजे. तिथं सरकार औषधावर ८० टक्क्यांपर्यंत सबसिडी द्यायचं, लोक भरपूर फवारायचे, आणि तरी भातावर तपकिरी तुडतुडे वाढतच चालले. कारण काय, तर फवारा मारला की तुडतुडे खाणारे कोळी आधी मरायचे, आणि तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात आत सुरक्षित, ती फुटली की रान मोकळं! १९८६ ला त्यांनी भातावरची ५७ कीटकनाशकं एका आदेशानं बंद केली, सबसिडी काढत आणली, आणि शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू केल्या, बांधावर बसून किडे मोजायच्या. भाताचं उत्पादन वाढतच राहिलं.

आता आपल्याकडं या. २०१७ ला यवतमाळमध्ये काय झालं ते इथं कुणाला सांगायला नको. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी वाढलेली, दमट ऊन, फवारा सरळ तोंडावर, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. आणि ज्या औषधांची नावं तपासात आली त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, म्हणजे श्रीलंकेनं जे १९९५ ला काढलं ते आपल्या मजुराच्या पाठीवरच्या पंपात २२ वर्षांनीही होतंच. मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत म्हणून दोष त्याच्यावर. अहो, ऑक्टोबरच्या उन्हात ते घालून एक तास तरी फवारून बघा ना.

जगाचं म्हणाल तर २०२२ ला मॉन्ट्रियलमध्ये जैवविविधतेच्या परिषदेत देशांनी कबूल केलंय की २०३० पर्यंत कीटकनाशकांचा धोका निम्म्यावर आणायचा. युरोपीय संघानं तर तसा कायद्याचा प्रस्ताव आधीच आणला होता, पण शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो मागं घेत असल्याचं जाहीर केलं. मॉन्ट्रियलचा शब्द बघा, वापर नाही, धोका. मला तो बरोबर वाटतो. किती लिटर मारलं यापेक्षा काय मारलं आणि ते कुणाच्या अंगावर उडालं हे मोठं आहे. ड्रोन आले, चांगलंच आहे, माणूस फवाऱ्यातून बाहेर निघतो, पण टाकीत जहाल विष तेच राहिलं तर ते शेजारच्या वावरात जाणारच.

आणि कपाशीवाल्यांनी एवढं तरी या हंगामात करा: एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावा, रोज सकाळी पतंग मोजा, सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच गुलाबी बोंडअळीसाठी पंप काढायचा, त्याआधी दुकानदार काहीही म्हणो. सापळे आणलेत मी, मागच्या टेबलवर आहेत, कसे बांधायचे ते आत्ताच दाखवतो.